परमनंटनंतर

चिखलीत मोटारी बनवणारी पहिली लाइन ऑस्ट्रेलियातून जहाजाने आली. निस्सानने तिकडचा आपला कारखाना बंद केला होता. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, तिथली यंत्रसामग्री विकत घेतली, सुटी करून खोक्यांत भरली, पुण्याला आणली आणि इथे पुन्हा जोडली. नवी घ्यायची तर कितीतरी पट पैसे मोजावे लागले असते. डिसेंबर १९९८ मध्ये इंडिका बाजारात आली, तेव्हा सगळं कौतुक देशी मोटारीचं झालं आणि ते रास्तच होतं. ज्या लाइनवर ती जुळली, त्या लाइनवर आधी काम करणाऱ्या माणसांचं पुढे काय झालं, हे इकडे कुणी विचारलं नाही. कारखाना येतोय, एवढीच तेव्हा बातमी होती.

त्या कारखान्याचा पत्ता सेक्टर १५ आणि १५ ए, चिखली. गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं १९९७ साली, म्हणजे गावाचं शहर होणं आणि शेजारी मोटारीचा कारखाना उभा राहणं एकाच सुमाराला घडलं. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी, मधून इंद्रायणी. कुदळवाडी, जाधववाडी, मोरेवस्ती, म्हेत्रेवस्ती ही शेतातली नावं तशीच राहिली आणि त्यांच्यावर चाळी, गोदामं, महापालिकेचं घरकुल आणि स्पाइन रोडच्या कडेच्या उंच सोसायट्या चढल्या. २००१ च्या जनगणनेत सुमारे दहा लाखांचं असलेलं शहर २०११ मध्ये सतरा लाखांवर गेलं. आज इथल्या एकाच इमारतीत तळवड्याच्या आयटी पार्कात लॅपटॉप घेऊन जाणारा मुलगा राहतो आणि चाकणच्या फर्स्ट शिफ्टची बस पकडायला पहाटे उतरणाराही राहतो. दोघांनाही शेजारी एकच प्रश्न विचारतात. स्थळ बघायला आलेले पाहुणे तर हमखास विचारतात. कंपनीचं नाव नंतर, पगार त्याच्याही नंतर. आधी 'परमनंट आहे का?'

कामाच्या ठिकाणाचं भविष्य कसं असेल यावर हल्ली पंचतारांकित हॉटेलांत परिषदा भरतात. एका मालकाकडे जन्म काढण्याचे दिवस संपले, गरज असेल तेव्हाच काम, माणसाने सतत नवं शिकत राहावं, असं तिथे सांगितलं जातं. चिखली-चाकण पट्ट्यातल्या पोराला हे ऐकवलं तर तो म्हणेल, यात नवीन काय? आम्ही असंच तर जगतो. गेल्या तीसेक वर्षांत इथे हे सगळं होऊन बसलं आहे, फक्त त्यात त्याची मर्जी कुणी विचारली नव्हती. म्हणून त्याच्या अपेक्षा कुठे सरकल्या आहेत हे पाहणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मला दिसतं ते असं: नोकरी जन्मभर टिकेल ही आशा त्याने बरीचशी सोडली आहे. केलेली वर्षं कुठेतरी जमा व्हावीत, ही मात्र सोडलेली नाही.

*

वर्षं जमा होत असत, असा एक काळ या पट्ट्याने पाहिला आहे. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली १९५४ साली, एमआयडीसीची स्थापना १९६२ ची, आणि साठच्या दशकाच्या मध्यात टेल्को आली. कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी पुण्यात गाड्या काढण्याच्या आधी प्रशिक्षण विभाग उभा केला. तिथे शिकलेला अप्रेंटिस पुढे त्याच कंपनीत टर्नर, फिटर, टूलमेकर झाला, सुपरवायझर झाला, निवृत्त झाला. कँटीन, कंपनीची बस, ठरावीक वर्षांनी होणारा पगारवाढीचा करार, दिवाळीचा बोनस आणि या सगळ्याच्या जोरावर बँकेकडून मिळालेलं घरासाठीचं कर्ज. निगडी प्राधिकरण, शाहूनगर, कृष्णानगर ही वसाहत त्या कर्जावर उभी राहिली म्हटलं तरी चालेल.

त्या काळाचं सोनं करायचं कारण नाही. १९८८-८९ मध्ये कामगार नेते राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोत जो संघर्ष पेटला तो पुण्याने अनुभवला आहे. व्यवस्थापनाने दुसऱ्या संघटनेशी करार केला, नायर यांच्या मागचे हजारो कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले आणि २९ सप्टेंबर १९८९ ला पहाटेच्या अंधारात पोलिसांनी त्यांना गाड्यांत भरून नेलं. पण तो लढा परमनंट माणसांचा होता. भांडण घरातलं होतं, वाटणी किती यावरचं. घरात घ्यायचं की नाही, हा मुद्दा तेव्हा नव्हता.

तो मुद्दा आला 'ब्रेक'च्या रूपाने. औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की ती सलग सेवा धरली जाई आणि कामगाराला काही हक्क मिळत. म्हणून सात महिने झाले की ब्रेक. मधले महिने गावाकडे, किंवा भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये, मग पुन्हा बोलावणं, पुन्हा सात महिने. मीटर दर वेळी शून्यावर. पुढे टेम्पररीच्या जागी ठेकेदाराचा माणूस आला. गणवेश साधारण तसाच, काम तेच, लाइन तीच, पण पगाराच्या पावतीवर नाव तिसऱ्याच कुणाचं. कंपनीने ठेकेदार बदलला की कामगार त्याच यंत्रापुढे उभा असतो आणि त्याची नोकरी कागदावर पहिल्या दिवसापासून सुरू होते. वार्षिक औद्योगिक सर्वेक्षणाच्या आकड्यांनुसार देशातल्या संघटित कारखान्यांत ठेक्यावरच्या कामगारांचं प्रमाण या शतकाच्या सुरुवातीला वीस टक्क्यांच्या आसपास होतं. २०२३-२४ मध्ये ते ४२ टक्क्यांवर गेलं.

यात आणखी एक थर आहे, शिकाऊंचा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याचं १८ वं कलम स्पष्ट सांगतं की शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. मुळगावकरांच्या काळात या वाक्याला अर्थ होता, कारण शिकणं खरंच पुढच्या कामासाठी होतं. गेल्या दशकात 'नीम' नावाची योजना आली. अभियांत्रिकी शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या परिषदेनेच ती आणली आणि त्यातून कारखान्यांना स्टायपेंडवरची मुलं मोठ्या संख्येने मिळू लागली. परिषदेनेच पुढे ती गुंडाळली. पण घडी बसली ती बसलीच: लातूर, नांदेड, बीड, बुलढाण्याहून आलेला आयटीआय किंवा बारावी झालेला मुलगा दोन-तीन वर्षं लाइनवर नटबोल्ट आवळतो, मग सर्टिफिकेट हातात घेऊन गेटबाहेर येतो आणि शेजारच्या कंपनीच्या गेटवर नव्याने शिकाऊ होतो. चोविसाव्या वर्षी त्याला चार कंपन्यांचा अनुभव असतो आणि कायद्याच्या लेखी नोकरी त्याने अजून केलेलीच नसते.

त्याच्याकडे टिकून राहणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पीएफचा यूएएन क्रमांक. २०१४ पासून हा एकच क्रमांक माणसाबरोबर कंपनी ते कंपनी जातो. आधारवर नाव एक आणि पीएफला दुसरं, बापाच्या नावात एक अक्षर कमी, जुन्या ठेकेदाराने सोडल्याची तारीखच टाकली नाही, अशा भानगडी निस्तरताना पोरं रडकुंडीला येतात, तरी तो क्रमांक ती जिवापाड जपतात. तिथे वर्षं जमा होतात, म्हणून.

*

२०१३ च्या जूनमध्ये चाकणला बजाज ऑटोच्या कामगारांनी जी मागणी केली तिची तेव्हा बरीच चेष्टा झाली. विश्व कल्याण कामगार संघटना आणि तिचे अध्यक्ष दिलीप पवार यांनी इतर मागण्यांबरोबर प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर एक रुपया दराने मागितले. कंपनीने ते साफ नाकारलं, उत्पादन दुसऱ्या कारखान्यांत हलवण्याचा इशारा दिला आणि सुमारे पन्नास दिवसांनी, ऑगस्टमध्ये, शेअरचं काही पदरात न पडता संप मिटला. 'कामगारांना आता मालक व्हायचंय' हा त्या वेळचा शेरा.

मला ती मागणी या पट्ट्यातली सगळ्यात पुढचं पाहणारी मागणी वाटते. बंगळुरूच्या एखाद्या स्टार्टअपमध्ये चोवीस वर्षांचा इंजिनिअर तेच मागतो, तेव्हा त्याला धोरणी म्हणतात. चाकणच्या कामगाराचा हिशेब त्याहून साधा होता. पल्सरच्या जोरावर कंपनीचा शेअर कुठल्या कुठे गेला, हे तो रोज पेपरात वाचत होता; आकुर्डीचा कारखाना २००७ मध्ये कसा थांबला हेही त्याच्या घरातल्या कुणीतरी पाहिलं होतं. नोकरी कंपनीच्या मर्जीवर राहणार असेल, तर मी घातलेल्या वर्षांचा काही भाग मला कंपनी सोडल्यावरही कामी यावा. त्याने मागितलं ते हेच.

परमनंट असूनही काय होऊ शकतं, ते पुढे तळेगावने दाखवलं. जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबवलं. एप्रिल २०२१ मध्ये चौदाशेच्या आसपास कामगारांना ले-ऑफची पत्रं गेली. मग कोर्टकचेऱ्या, उपोषणं. कारखाना ह्युंदाईने घेतला आणि ऑक्टोबर २०२५ पासून तिथून पुन्हा गाड्या निघू लागल्या. शेड विकली गेली, जमीन विकली गेली, यंत्रं विकली गेली. या व्यवहारात किंमत लागली नाही ती तिथल्या माणसांच्या हाताला असलेल्या सवयीची.

*

१९७४ मध्ये टेल्कोने पुण्यासाठी इंजिनिअरांची जाहिरात दिली होती आणि तिच्यात स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं छापलं होतं. बंगळुरूत शिकणाऱ्या एका मुलीने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. तिला मुलाखतीला बोलावलं गेलं आणि ती टेल्कोची पहिली महिला इंजिनिअर झाली. सुधा मूर्तींची ही गोष्ट शाळेच्या स्नेहसंमेलनांपर्यंत पोचली आहे. चिखलीतला तिचा पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या प्रवासी वाहनांच्या कारखान्यात एप्रिल २०२० मध्ये १७८ बायका होत्या, फेब्रुवारी २०२२ पर्यंत त्या सुमारे १,६०० झाल्या. हॅरियर आणि सफारी या गाड्यांसाठी संपूर्ण महिलांची लाइन उभी राहिली. चाकणला बजाजच्या महागड्या मोटारसायकलींवरही मुली काम करतात.

कंपन्या याला समानता म्हणतात. ती आहेच, नाही असं नाही. पण शॉपफ्लोअरवरचे जुने लोक खाजगीत दुसरं कारण सांगतात: मुली दांडी मारत नाहीत, तंबाखू खात नाहीत आणि शिकत शिकत काम करायला तयार असतात. बहुतेक मुली बारावी किंवा आयटीआय झालेल्या, काम करता करता डिप्लोमा पुरा करणाऱ्या. त्यांच्या अपेक्षांची यादी पुरुषांपेक्षा वेगळी निघते. बस थेट खोलीच्या गल्लीपर्यंत यावी. खोली देताना घरमालकाने सेकंड शिफ्टवरून रात्री उशिरा येण्याची कटकट करू नये. लाइनवरून दहा मिनिटं सुटता यावं. आणि घरी पैसे पाठवल्यावर चार पैसे स्वतःच्या खात्यात उरावेत. १९४८ च्या कारखाना कायद्यातलं ६६ वं कलम बायकांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा कारखान्यात कामाला मनाई करत होतं. राज्यांनी ते हळूहळू सैल केलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेने स्त्रीची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था या अटींवर रात्र मोकळी केली. संमती म्हणजे काय, हा प्रश्न मात्र स्टायपेंडवरच्या एकोणीस वर्षांच्या मुलीला विचारायला हवा. नाही म्हटल्यावर पुढच्या बॅचला आपलं नाव असेल का, हे तिला कुणी लिहून दिलेलं नसतं.

आणि या मुली पुढे बाळंत होतील तेव्हा? २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची रजा २६ आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. या लाइनवर बहुतेक मुली लग्नाआधीची दोन-तीन वर्षं असतात. पाळणाघराची वेळ येण्याआधीच त्यांचा कार्यकाळ संपतो. ही सोय ज्या दिवशी खरोखर गजबजेल, त्या दिवशी समानतेबद्दल मी जास्त खात्रीने लिहीन.

चिखलीला लागूनच तळवडे. ८ डिसेंबर २०२३ च्या दुपारी तिथे वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या एका शेडमध्ये स्फोट होऊन आग लागली. त्या दिवशी सहा जीव गेले, उपचार चालू असताना आणखी गेले. काम करणाऱ्यांत बहुतेक बायका होत्या, शेडला परवाना नव्हता. हॅरियरची लाइन आणि ही शेड यांत काही किलोमीटरांचं अंतर. उद्याच्या कामाच्या जागेची चित्रं काढणारे पहिलीची काढतात. या शहरात दुसऱ्या प्रकारच्या जागा किती आहेत, हे आपल्याला आग लागल्यावर कळतं.

कधी आग लागते, कधी बुलडोझर येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखलीत अतिक्रमणविरोधी कारवाई केली. चार हजारांहून अधिक बांधकामं, आठशेहून जास्त एकर जागा, आठवडाभरात सपाट. भंगाराची गोदामं होती, धुराच्या आणि नदीत सोडलेल्या घाण पाण्याच्या तक्रारी खऱ्या होत्या, वारंवार आगी लागत होत्या. पण त्याच पत्र्यांखाली मोठ्या कंपन्यांना लागणारे सुटे भाग करणारे लघुउद्योगही होते आणि त्यांत दहा-पंधरा वर्षं राबलेली माणसं होती. मालकांनी नुकसानभरपाईची भाषा केली. कामगारांकडे भाषा करायला हजेरीपत्रकसुद्धा नव्हतं.

*

आता वेळेचा हिशेब. ३ सप्टेंबर २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या कामाची दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास करायला मंजुरी दिली, कामगाराच्या संमतीने. आठवड्याच्या ४८ तासांची चौकट कायम राहिली तर चार दिवस काम आणि तीन दिवस सुट्टी असंही गणित मांडता येतं, आणि कागदावर ते छान दिसतं. चाकणचा कामगार दुसरं गणित मांडतो: बारा तास ड्युटी, वर तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या कोंडीत जाता-येता दोन-तीन तास. तरीही तो बहुतेकदा हो म्हणेल. ओटीचा दर कायद्याने दुप्पट आहे आणि मूळ पगार इतका बेताचा की ओटीशिवाय खोलीभाडं आणि गावाकडचा हप्ता एकदम भागत नाही. जास्त तास त्याला हवे असतात असं म्हणणाऱ्यांनी हे मूळ पगाराचं वाक्यही शेजारी ठेवावं.

वरच्या मजल्यावरच्या आयटीवाल्याची तक्रार उलटी आहे. त्याचे तास मोजलेच जात नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं, जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं विधान गाजलं. (मूर्तींची इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली, तेव्हा घरात पत्नी सुधा यांचा नियमित पगार येत होता, ही गोष्ट ७० तासांच्या चर्चेत कुणी काढली नाही.) कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क द्यावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत दोनदा खाजगी विधेयक मांडलं. ते मंजूर होईल असं कुणालाच वाटत नाही, पण 'डिस्कनेक्ट' हा शब्द मुलाखतीत उमेदवारांच्या तोंडी येऊ लागला आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने बारा हजारांच्या आसपास लोक कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा हिंजवडीपासून तळवड्यापर्यंत एक जाणीव पसरली: आपलाही मीटर शून्यावर येऊ शकतो. एकाच जिन्यावरच्या दोघांना प्रथमच एकमेकांची काळजी कळली असावी.

इलेक्ट्रिक गाड्यांमुळे मीटर शून्यावर येण्याची ही भीती आणखी घट्ट होणार. हॅरियरची विजेवरची आवृत्ती जून २०२५ मध्ये आली. विजेच्या गाडीत इंजिन नाही, गिअरबॉक्स जवळपास नाही, सायलेन्सर नाही. म्हणजे भोसरी-चिखलीतल्या ज्या वर्कशॉपांत पिस्टनशी, गिअरशी संबंधित भाग होतात, त्यांचं काम हळूहळू आटेल. तिथल्या मिलिंग मशिनवर वीस वर्षं घालवलेल्या कारागिराला बॅटरी पॅकच्या लाइनवर पुन्हा शिकाऊ म्हणून उभं राहावं लागेल का, स्टायपेंडवर?

*

२१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या, २९ जुने कायदे त्यांत विरले. संघटनांचा त्यांना विरोध आहे आणि त्याला कारणं आहेत: स्थायी आदेशांची सक्ती आता तीनशे कामगारांपासून, पूर्वी केंद्रीय कायद्यात ती शंभरांपासून होती. मुख्य कामात ठेकेदारी नको असं म्हणून लगेच, जे काम एरवीही ठेकेदाराकडूनच होतं त्याला सूट दिली आहे. या पट्ट्यात त्या सवलतीत काय काय बसवता येईल ते सांगायला वकील लागत नाही. पण एक कलम मला महत्त्वाचं वाटतं. ठरावीक मुदतीच्या कामगाराला ग्रॅच्युइटी एका वर्षानंतर मिळेल, पूर्वी सगळ्यांनाच पाच वर्षं थांबावं लागे. म्हणजे वर्ष जमा होण्याची सुरुवात कायद्याने मान्य केली. प्रश्न असा की कंपन्या ठेक्यावरच्या माणसाला थेट मुदतीच्या करारावर घेतील, की अकराव्या महिन्यात ब्रेक देतील.

याचं उत्तर शोधायला सिलिकॉन व्हॅलीकडे बघायची गरज नाही. महाराष्ट्राने ते १९६९ मध्ये शोधलं होतं. हमालाचा मालक रोज बदलतो, एकाच दिवसात चार दुकानं, मग त्याचा भविष्यनिधी, बोनस, रजा कुणी द्यायची? अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेल्या माथाडी कायद्याने सांगितलं की मालकांनी मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने हमालाला पगार, फंड, औषधपाणी द्यायचं. मालक कितीही बदलो, हिशेब एकाच ठिकाणी. १९८१ मध्ये हीच रीत खाजगी सुरक्षारक्षकांना लावली. नव्या संहितेत ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के सामाजिक सुरक्षेसाठी द्यायचे आहेत, तोही त्याच घराण्यातला विचार.

अडचण ही की चाकणच्या उद्योजकासमोर 'माथाडी' म्हटलं की त्याला कायदा आठवत नाही. त्याला आठवतो तो गेटवर गाडी अडवून पैसे मागणारा, गळ्यात साखळी घातलेला नेता. माथाडीच्या नावाखालच्या खंडणीचे गुन्हे या पट्ट्यात पोलिसांनी वारंवार नोंदवले आहेत. एका चांगल्या व्यवस्थेची इतकी बदनामी तिच्या शत्रूंनीही केली नसती. पण म्हणून ती टाकून द्यायची, तर ठेक्यावरच्या मुलाचा आणि शिकाऊ मुलीचा हिशेब कोण ठेवणार? पिंपरी-चिंचवड-चाकणसाठी एकच मंडळ, पट्ट्यातल्या प्रत्येक ठेकेदाराची आणि मुख्य कंपनीची त्यात सक्तीची लेव्ही, आणि कामगार, शिकाऊ, गिग असा भेद न करता केलेल्या महिन्यांची एक नोंद: हे अशक्य नाही. पैसे कुणाच्या खिशातून जातील हेही उघड आहे. म्हणूनच पगारवाढीच्या पुढच्या करारांत ठेक्यावरच्यांचा हा मुद्दा टेबलावर ठेवायला परमनंट कामगारांच्या संघटना तयार होतात का, यावर बरंच अवलंबून आहे. आतापर्यंत त्या बहुतेकदा आपल्याच सभासदांपुरत्या बोलत आल्या आहेत, आणि ते सभासद दर वर्षी निवृत्त होऊन कमी होत आहेत.